हिवतापाचा जावई

४ सप्टेंबर

जावयाची प्रकृती उत्तम! सकाळी बाटली बाहेर काढली, वरचं जुनं पोषकद्रव्य ओढून घेतलं, नवं घातलं, हवा बदलली, परत उबेत ठेवली. एक थेंब काचेवर पसरून रंगवला. शंभर रक्तपेशींत चार-पाच अंगठ्या. जंतू कोवळे असताना पेशीत अंगठीसारखेच दिसतात – एक कडं आणि त्यावर जांभळा खडा. खाऊन-पिऊन सुखी आहेत.

'जावई' हे काकूंनी ठेवलेलं नाव. काकू आमच्या प्रयोगशाळेतली काचेची भांडी सांभाळतात आणि जमलं तर आम्हालाही. हिवतापाचे जंतू वाढवायचे म्हणजे रोज वेळेवर खायला घालायचं, ऊब द्यायची, सुट्टीच्या दिवशीही हजर राहायचं. एवढं करून कधी रुसतील याचा नेम नाही. काकूंनी पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं – "हे जंतू कसले गं, जावई आहेत जावई!"

खरं तर आमच्याकडे दोन बाटल्या आहेत. एक जुनी, जगभरच्या प्रयोगशाळांत असते तशी. तिला कुणी जावई म्हणत नाही.

दुसरी त्याची – आमच्या प्रकल्पासाठी रानातून औषधी वनस्पती गोळा करतो त्याची. फेब्रुवारीत तो जंगलातून वनस्पती घेऊन आला तो कुडकुडतच. दवाखान्यात नेण्याआधी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी त्याची लेखी परवानगी घेतली, मी नळीभर रक्त घेतलं. तो हुडहुडी भरलेल्या दातांमधून म्हणाला, "माझ्या पोरांना नीट जेवू घाल, मोजपट्टी." तो चार दिवसांत बरा झाला. पुढच्या मोहिमेवर गेला. पोरं माझ्याकडे राहिली.

सगळं मोजून बघते म्हणून मला मोजपट्टी म्हणणारा तो एकटाच. मी त्याला झाडपाल्या म्हणते. मनात. तोंडावर काहीच म्हणत नाही.

९ सप्टेंबर

पोतं आलं. त्याने बांधलेलं पोतं मला लांबून ओळखू येतं. सुतळीची गाठ नेहमी डावीकडे आणि एका ओढीत सुटणारी. बाकीचे लोक गाठी मारतात त्या कापाव्या लागतात. हा मारतो ती उघडणाऱ्याचा विचार करून.

आत वाळवलेलं मूळ. तो जिथे राहतो त्या गावातल्या मावशी तापावर हे उकळून देतात. मावशींनी त्याला नाव वगैरे सांगितलेलं नाही, त्या नुसतं 'मूळ' म्हणतात. सोबत त्याची चिठ्ठी: 'फुलं अजून नाहीत. फुलं आली की दाबून आणतो, मग जात ठरवू. चव घेऊ नकोस – मी घेतली, दोन दिवस चहा कडू लागला.'

पोत्याला धुराचा वास होता. दळणयंत्रात घालायच्या आधी मी थोडा वेळ नुसती उभी होते. वैज्ञानिक कारण नाही.

१० सप्टेंबर

आईने जेवताना विचारलं, "तो तुमचा रानात फिरणारा मुलगा कधी येणार?" मी म्हटलं, फुलं आल्यावर. आई म्हणाली, "हे काय उत्तर झालं?"

तारीख मलाही माहीत असती तर सांगितली असती.

१४ सप्टेंबर

मॅडमनी दार लावून घेऊन सांगितलं. गेल्या दोन वर्षांत तपासलेल्या वनस्पतींपैकी एकही धड लागू पडलेली नाही. या मोसमात काही हाती लागलं तर प्रकल्प पुढे चालेल, तो इथे येऊन बसेल, शेजारच्या खोलीत वर्षभर त्याची वाळवणं, त्याचे कागद. नाही लागलं तर कुलूप. "त्याला समुद्रापलीकडच्या एका वनस्पती-संग्रहालयाने बोलावलंय. त्याने तुला सांगितलं असेलच."

मी म्हटलं, हो.

सांगितलं नव्हतं.

१५ सप्टेंबर

रक्त कमी पडतंय. जंतू ओ गटाच्या पेशींवर वाढवायचे असा आमचा शिरस्ता, आणि ओ गटाचे देणारे सगळे नेमके याच महिन्यात सर्दीने आडवे. काकूंनी माझी बाही वर केली. "परत तूच? मागच्या वेळीही तूच होतीस."

माझा गट ओ आहे. एवढंच कारण.

म्हणजे असं की – त्याच्या अंगातून निघालेले जंतू गेले सहा-सात महिने बहुतेक माझ्याच रक्तावर जगतायत. मी यावर विचार करत नाही. आत्ता लिहिलं, तेवढाच.

१८ सप्टेंबर

मुळाचा अर्क तयार. तपकिरी, कडवट वास. बाटली हलवली की वर फेस येतो, तो टिपकागदाने काढून टाकला. उद्या ट्रेमध्ये घालायचा. जुन्या जंतूंवरही, जावयावरही.

काकू ट्रे बघून: "जावयाला विष घालणार? अगं बाई!"

२२ सप्टेंबर

लागू पडलं! लागू पडलं!

क्रमाने लिहिते. ट्रेच्या प्रत्येक कोनाड्यात रक्त, जंतू आणि मुळाचा अर्क, पुढे पुढे पातळ होत जाणारा. शेवटी एक रंग घालायचा, जो जंतू असतील तिथे चमकतो. यंत्र चमक मोजतं. चमक म्हणजे जंतू जिवंत. मुळाच्या कोनाड्यांत अंधार होता. अगदी पातळ अर्कातसुद्धा अंधार. दोन्ही प्रकारच्या जंतूंवर. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तोच अंधार.

माझी पद्धत अशी की, यंत्र काय म्हणतं ते म्हणू दे, मी थेंब काचेवर घेऊन स्वतः बघते. शिवाय जंतू नसलेल्या साध्या रक्तावरही तोच अर्क घालून बघते. आज दोन्ही केलं नाही. साध्या प्रयोगापुरतं रक्त उरलं नव्हतं. आणि पाच वाजत आले होते. त्याच्या गावात रेंज नाही. गावामागच्या डोंगरावर पाण्याच्या टाकीपाशी तेवढी मिळते. आठवड्यातून एकदा, आजच्या वारी, तो दिवस मावळेपर्यंत तिथे उभा राहतो.

"बोल मोजपट्टी. पटकन. वारा आहे."

"मूळ लागू पडलंय."

नुसता वारा. मग – "परत बोल."

"लागू पडलंय. जुन्यांवरही, तुझ्यावरही."

तो एवढ्या जोरात ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. कुणाची तरी बकरी दचकून टाकीमागे पळाली म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे आता हिवतापाच्या गोळ्यांचं पाकीट फेकून देऊ?"

मी हसले.

तो म्हणाला, "तू हसलीस? मग निकाल पक्का."

जाताना म्हणाला, "येतो मग. फुलं घेऊनच येतो."

२३ सप्टेंबर

मॅडमनी पाठीवर थाप मारली. ताजं मूळ मागवायचं, सगळं पहिल्यापासून करायचं, तोवर बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. मी मान डोलावली. राहिलेल्या दोन गोष्टी नव्या मुळाबरोबरच करीन. तेच सोयीचं.

दुपारी शेजारची खोली उघडून पाहिली. टेबलावर धूळ होती. पुसली.

२६ सप्टेंबर

आई म्हणते मी गुणगुणते. गुणगुणत नाही.

३० सप्टेंबर

नवं पोतं २५लाच आलं, फोननंतर त्याने आपणहून पाठवलेलं. गाठ डावीकडे. आज ट्रे यंत्रात घालायच्या आधी उजेडासमोर धरला. मागच्या वेळी धरला नव्हता.

रक्त कोनाड्यात शांत ठेवलं की पेशी तळाशी बसतात – खाली लाल थर, वर फिकट पाणी. मुळाच्या कोनाड्यांत थर नव्हता. वरपासून खालपर्यंत एकसारखं लाल, पारदर्शक. सरबतासारखं. खालचं छापील पान त्यातून वाचता येत होतं.

थेंब काचेवर घेतला, रंगवला, पाहिला. जंतू नव्हते. पेशीही नव्हत्या. नुसता चुरा.

साध्या रक्तावर घालून पाहिलं. तेच.

मूळ जंतूंना मारत नाही. मूळ रक्तपेशी फोडतं. पेशी फुटल्यावर आतले जंतू जाणारच. घर जमीनदोस्त केलं आणि मी पेढे वाटले की भाडेकरू निघाला! साबण घातला असता तरी हाच निकाल आला असता. बाटलीत साबणासारखाच फेस येत होता. मी तो स्वतःच्या हाताने टिपून टाकला होता.

पोषकद्रव्याचा रंग मुळातच गुलाबी असतो, म्हणून वरवर कळत नाही. हा बहाणा मी दुसऱ्या कुणाला करू दिला नसता.

मावशींचं काही चुकलेलं नाही. पोटात घेतलं की ते रक्तात उतरतही नसेल, आणि बहुतेक ताप आपापले उतरतात. त्यांनी कुणाला 'हिवतापावर लागू' असं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

म्हणजे कुलूप. म्हणजे समुद्रापलीकडे. ठीक.

मग मधेच, भांडं विसळताना, आठवलं. गोळ्यांचं पाकीट फेकून देऊ? – आणि मी हसले होते.

१ ऑक्टोबर

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "शंभरातली नव्याण्णव झाडं नापास होतात. तू होत नाहीस, म्हणून तुला जास्त लागलंय."

मी म्हटलं, तो तिथे गोळ्यांशिवाय असेल.

"काहीतरीच. तो काय लहान आहे?"

फोन लागत नाही. निरोप पाठवले, पोचल्याची खूण येत नाही. तो टाकीपाशी जाईल त्या वारापर्यंत थांबायचं.

२ ऑक्टोबर

लागत नाही.

३ ऑक्टोबर

दुपारी अनोळखी नंबर. त्याच्या जीपचा चालक. मागे तोच वारा.

"ताई, तुम्ही लॅबवाल्या ना? साहेबांना ताप आहे. परवापासून. थंडी वाजून येतोय, अंथरुणातून उठवत नाही. मी गोळ्या पुढे करतो तर घेत नाहीत हो. मूळ उकळून पितायत. म्हणतात, लॅबने पास केलंय, मीच पहिला पेशंट."

"त्यांना फोन द्या."

"ते खाली घरात, मी वर टाकीपाशी."

"खाली जा. सांगा, मोजपट्टी चुकली. एवढंच सांगा."

"काय चुकली?"

"मोजपट्टी. तुम्ही फक्त सांगा. गोळ्या द्या आणि आत्ताच्या आत्ता जीपमध्ये घालून दवाखान्यात न्या. मागे झोपवून न्या."

"बरं. मोजपट्टी चुकली. नेतो." मग जरा थांबून – "ताई, तुम्ही येताय का?"

मी आजवर एकदाही रानात गेलेले नाही. माझं काम इथे, उबेत, काचेआड.

"येतेय," म्हटलं.

काकूंनी माझ्या हातातून बाटलीच काढून घेतली. "जा तू. या जावयाला मी बघते, त्याला तू बघ."

आईने पिशवीत शाल घातली. काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

४ ऑक्टोबर

बस, मग दुसरी बस, मग एका टेम्पोत भाजीच्या टोपल्यांमध्ये. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, झाडं, झाडं. दोन वर्षं यांचे तुकडे दळतेय आणि एकही ओळखता येईना. तो असता तर सांगत सुटला असता.

दवाखाना लहान. वॉर्डात लोखंडी खाटा, प्रत्येकीवर मच्छरदाणी. तो तिसऱ्या खाटेवर. डोळे पिवळे. ओठ फाटलेले. ओळखलं नाही मला. "फुलं आली का?" असं कुणाला तरी विचारत होता.

डॉक्टर माझ्याच वयाच्या. "तुम्ही कोण यांच्या?"

पुढ्यात सोपे शब्द होते. एकही खरा वाटेना. म्हटलं, "यांचं रक्त मी आधी पाहिलंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सूक्ष्मदर्शकासमोरचं स्टूल सरकवलं.

अंगठ्या. प्रत्येक नजरेत कितीतरी. काही पेशींत दोन-दोन. मी इतकी वर्षं या वाढाव्यात म्हणून मोजल्या. वाढल्या की खूश व्हायचे, काकूंना हाक मारून दाखवायचे. आज पहिल्यांदाच त्या कमी भराव्यात म्हणून मोजत होते.

डॉक्टर म्हणाल्या, "शिरेतून औषध काल रात्रीच सुरू केलंय. अजून एक दिवस त्या चालकाने उशीर केला असता तर मी तुम्हाला हे स्टूल दिलं नसतं."

५ ऑक्टोबर

कमी. सकाळपेक्षा संध्याकाळी कमी. पण लघवी गडद आहे, म्हणजे पेशी अजून फुटतायत. पुढचं डॉक्टरांना विचारत नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

चालक बाकावर बसून असतो. मधेच म्हणाला, "ताई, साहेब दर आठवड्याला टाकीपाशी दोन तास आधीच जाऊन बसायचे. मी म्हणायचो, अहो फोन पाचला, तीनला कशाला? म्हणायचे, रेंज यायला वेळ लागतो."

रेंज यायला वेळ लागत नाही. असते किंवा नसते.

मी इतकी वर्षं ज्याची नोंद ठेवली नाही असं काहीतरी तिकडूनही चालू होतं. हे मला एका जीप चालकाकडून कळायचं होतं! आणि ते कळलं तेव्हा तो मच्छरदाणीत, माझ्या निकालाने आडवा.

६ ऑक्टोबर

अंगठ्या जवळजवळ नाहीत. लघवीचा रंग निवळला. ताप उतरला, मग चढला, मग घाम येऊन उतरला.

त्याने पाणी मागितलं. मी दिलं. "तू इथे कशी?" म्हणाला, आणि उत्तर ऐकायच्या आधी झोपला.

७ ऑक्टोबर

आज बसला उशीला टेकून. चहात बिस्किट बुडवलं, ते मोडून आत पडलं, तर तेवढ्यावरून वैतागला. म्हणजे बरा होतोय.

मी सगळं सांगितलं. ट्रे, फेस, सरबत, चुरा. काहीही न गाळता. तो ऐकत होता, मधे एकदाच म्हणाला, "म्हणजे मी साबण प्यायलो."

"जवळजवळ."

"आणि मावशींना मी सांगून बसलो की तुमचं मूळ गाजणार! त्या म्हणाल्या होत्या, गाजू दे, आधी घोंगडी पांघर." हसला, मग खोकला. मग गंभीर. "पण तू काच न बघता निकाल देत नाहीस. कधीच नाही. का दिलास?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून जांभळा रंग होता.

"तू डोंगरावर उभा होतास," म्हटलं. "वारा होता. मला तुला काहीतरी द्यायचं होतं."

वॉर्डात कुणाचा तरी रेडिओ लागला, कुणीतरी तो बंद करायला लावला.

मग त्याने विचारलं, "माझी पोरं कशी आहेत?"

"वाढतायत. काकूंकडे सोपवून आलेय."

"कुणाच्या रक्तावर वाढवतेस?"

"ओ गटाच्या."

"ते माहीत आहे. कुणाच्या?"

माझी बाही कोपराच्या वर होती. उकडत होतं म्हणून. तिथल्या सुईच्या खुणांकडे त्याने पाहिलं. मी बाही खाली केली. उशीर झाला होता.

प्रकल्पाला कुलूप लागणार हे त्याला सांगितलं. संग्रहालयाचं मला माहीत आहे, हेही सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना मी अजून काही कळवलेलं नाही." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. किंवा झोपल्यासारखा पडून राहिला. श्वासावरून मला दोन्हींतला फरक कळत नाही. हे मला शिकवलेलं नाही.

८ ऑक्टोबर

सकाळी डोळे उघडले ते हेच म्हणत – "ती बाटली टाकून दे आता. मी आहे ना."

बाहेर येऊन फोनवर मॅडमची परवानगी घेतली, मग बाटली टाकायला सांगावं म्हणून काकूंना फोन लावला. काकू रडवेल्या झाल्या. "अगं, तूच ओरडशील म्हणून सांगत नव्हते. काल जावयाला खायला घालायचं राहून गेलं माझ्याकडून!"

माझ्या तर, काल त्याने पोरांचं विचारेपर्यंत, ती बाटली आहे हेच ध्यानात नव्हतं.